मला बुधवारी विचारा

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. माशांच्या काचेच्या टाकीतलं पाणी तपासायची पेटी. जबलपुरात, चेरीतालच्या एका घरात, बैठकीच्या भिंतीवरच्या फळीवर मी राहते. माझं झाकण एका कोपऱ्यात तडकलं आहे आणि रंगांच्या तक्त्यावर चहाचा डाग पडला आहे. दिसायला मी अशी असले तरी आयुष्यात एकदाही खोटं बोललेले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या नावावर या घरात काय काय खपवलं गेलं ते ऐकलंत तर तुम्ही मलाच लबाड म्हणाल. आपली कहाणी सांगताना जरा गोड बोलावं, हे मला कळतं. पण मी रागावलेली आहे आणि ते लपवणार नाही.

माझा जन्म इथला नाही. समुद्राकाठच्या एका शहरात, औषधांचा वास येणाऱ्या एका लांबलचक खोलीत मला भरलं. काचेच्या दोन नळ्या, थेंब टाकायच्या दोन बाटल्या आणि पिवळ्यापासून गडद हिरव्यापर्यंतचे चौकोन छापलेला एक तक्ता, एवढाच माझा संसार. टाकीतलं पाणी नळीवरच्या रेघेपर्यंत घ्यायचं, दोन्ही बाटल्यांतले थेंब मोजून टाकायचे, नळी हलवायची आणि पाच मिनिटं धीर धरायचा. पाणी पिवळं राहिलं तर त्यात अमोनिया नाही. हिरवं झालं तर आहे, आणि जितकं हिरवं तितका माशाच्या जिवाला धोका.

त्या खोलीत एक बाई आमची परीक्षा घ्यायची. ती काय करायची माहीत आहे? मुद्दाम बिघडवलेलं पाणी आणायची. चांगल्या पाण्यात आम्ही पिवळे राहतो याचं तिला कौतुक नव्हतं. वाईट पाण्यात आमच्यातली नळी हिरवी होते की नाही, हे ती पाहायची. माझ्या खेपेतली नळी हिरवीगार झाली तेव्हा तिनं मान हलवली आणि आम्हाला पुढे पाठवलं. माझं काम तेव्हाच मला कळलं. वाईट असेल तर वाईट सांगायचं, यासाठी मला घडवलं होतं.

तिथून मी सदरच्या बाजारात एका माशांच्या दुकानात आले. माझ्याशेजारी कागदी पट्ट्यांची डबी होती. तिची पट्टी पाण्यात बुडवली, बाहेर काढली, मिनिटभर थांबलं की झालं. फार सोयीची. गिऱ्हाईक आधी तिच्याकडेच वळायचं आणि मी नाक मुरडत बसायचे. खरं सांगायचं तर ती वाईट नव्हती. पण तिच्या पट्टीवर अमोनियाचा चौकोनच नव्हता. तिला जे दिसतं ते ती सांगायची आणि जे दिसत नाही त्याबद्दल गप्प बसायची. तिच्या गप्प बसण्याचा लोक काय अर्थ काढतात, ते पुढे येईलच.

एका संध्याकाळी नागसेन नावाचा तरुण दुकानात आला. त्याची बदली रायपूरला झाली होती. घरी मागे राहणार होते आईवडील आणि सदरमधल्या एका शाळेत शिकवणारी त्याची बायको मोना. आईला करमणूक हवी म्हणून त्यानं टाकी घेतली, दोन गोल्डफिश घेतले, पट्ट्यांची डबी घेतली आणि दुकानदारानं आग्रह केला म्हणून मलाही घेतलं. ऑटोत मी त्याच्या मांडीवर होते. मला वाटलं, चला, आता कामाला लागू.

घरातली म्हातारी माणसं तुम्हाला सांगते. मालनबाई मूळच्या भंडाऱ्याकडच्या. लग्न होऊन इकडे आल्या, आयुष्य चेरीतालमध्ये गेलं, पण बोली माहेरचीच राहिली. त्यांचे यजमान गुलाबराव, रिछाईच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. बैठकीत बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली माझी फळी, आणि फळीखाली टेबलावर टाकी. त्या फळीवर माझ्याआधीपासून आणखी एक जण राहत होता. रक्तातली साखर मोजायचं यंत्र. घरात त्याला शुगरची मशीन म्हणत. गुलाबरावांना साखरेचा आजार होता. मशीन माझ्याहून वयानं मोठी, फार अबोल. पहिल्या दिवशी मी तिला आनंदानं म्हटलं, आता इथे आपण दोघी खरं खरं सांगू. ती काहीच बोलली नाही. तिला या घराची रीत माहीत होती, मला नव्हती.

मालनबाईंनी माशांची नावं ठेवली, पांढरी आणि लाली. सकाळी चहाचा कप घेऊन त्या टाकीपुढे बसत. लाली त्यांचं बोट काचेवर जिकडे फिरेल तिकडे जायची. मोना शाळेत गेली, गुलाबराव चौकात गेले, की घरात त्यांच्याशी बोलायला तेवढे दोनच जीव. मालनबाई त्यांना बाजारभावापासून गुडघेदुखीपर्यंत सगळं सांगायच्या.

आता गुलाबरावांची रीत ऐका. कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. माल घेणाऱ्या कंपनीचे साहेब यायचे त्याच्या आदल्या दिवशी सगळा कारखाना झाडून निघायचा, फरशी धुतली जायची, चांगले नग ढिगाच्या वर मांडले जायचे. साहेब येत, वरचे नग पाहत, शिक्का मारत, समोसे खाऊन जात. त्या शिक्क्याला पास म्हणायचं. गुलाबरावांनी आयुष्यभर हेच पाहिलं. तपासणी म्हणजे आदल्या दिवशी आवरायचं आणि दुसऱ्या दिवशी पास व्हायचं, याच्यापलीकडे तपासणीला काही अर्थ असेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

तेव्हा या घरात दर शनिवारी संध्याकाळी बनियन घालून ते टाकी धुवायला काढत. मासे बादलीत. जुनं पाणी पार मोरीत. तळाचे खडे नळाखाली चोळून चोळून पांढरे. फिल्टरमधला स्पंज तर नळाच्या धारेखाली असा पिळायचा की दुकानातून नवा आणल्यासारखा दिसावा. मग टाकी काठोकाठ भरायची. आणि रविवारी सकाळी, चहा झाल्यावर, चष्मा लावून मला खाली घ्यायचं.

"मोना, ये बेटा. मालन, ये वो. टेस्ट आहे."

दोघी येत. नळी भरली जाई, थेंब पडत, पाच मिनिटं होत. रात्रीचं ताजं पाणी, ते पिवळं नाही राहणार तर काय होईल?

"पास!" गुलाबराव नळी उंच धरत. "अमोनिया निल. यहाँ सब कायदे से होता है."

सुरुवातीला मी फुलून जायचे, हे मान्य करते. घरी पाहुणे आले की मला फळीवरून उतरवून दाखवलं जाई. "असं मशीनसारखं काम आहे आमच्या घरी," असं म्हणत ते माझ्या झाकणावर थाप मारत. असं कौतुक कोणाला नको असतं?

पण माझं झाकण पारदर्शक आहे आणि माझ्या फळीखालीच टाकी आहे. सोमवार जायचा, मंगळवार जायचा, आणि मला दिसू लागायचं. मासे पाण्यातच खातात आणि पाण्यातच घाण करतात. त्या घाणीतून अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पाणी नितळ दिसतं आणि आत माशाचे कल्ले जळत असतात. चांगल्या टाकीत याची सोय असते. स्पंजात बारीक जीवाणू हळूहळू वस्ती करतात आणि ते विष निवळवत राहतात. आमच्याकडे ती वस्ती उभी राहायला लागली रे लागली की शनिवारी नळाखाली, जंतू मारणारं क्लोरीन घातलेल्या पाण्यात, धुऊन जायची. स्वच्छतेच्या नावाखाली गुलाबराव दर आठवड्याला माशांचा एकमेव आधार मोरीत सोडत होते आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडून शाबासकी घेत होते! सांगा, माझ्या तळपायाची आग मस्तकात जाणार नाही तर काय होईल?

बुधवारपर्यंत पांढरी पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंड उघडझाप करू लागायची. लाली कोपऱ्यात पंख मिटून बसायची. मालनबाईंना ते दिसायचं.

"काहो," त्या म्हणायच्या, "हे पांढरी वर वर येऊन तोंड उघडून राहिली. काहून करत असंल अशी?"

"अवं, रविवारी तं टेस्ट केली तुझ्यासमोर," गुलाबराव पेपरातून मान वर न काढता म्हणायचे. "पाणी पास आहे."

"पण मले दिसून राहिलं न, तिले त्रास होऊन राहिला."

"तुले जास्त समजते का किटले जास्त समजते?"

मित्रांनो, हे किट म्हणजे मी! मी कधी म्हटलं की मला जास्त समजतं? मी रविवारचं उत्तर दिलं होतं. बुधवारी मला कोणी विचारलंच नव्हतं. आणि माझं ते शिळं उत्तर त्या बाईच्या तोंडावर मारून तिला गप्प केलं जात होतं. मी फळीवर आतल्या आत धुमसत राहायचे. मला हात नाहीत, वाचा नाही. कोणीतरी नळीत पाणी घातल्याशिवाय मला एक अक्षर बोलता येत नाही.

शेवटी एका गुरुवारी पांढरी मेली. सकाळी ती आडवी तरंगत होती आणि तिच्या पंखांवर लाल रेघा उठल्या होत्या. मालनबाईंनी तिला वाटीत काढलं आणि तशाच बसून राहिल्या. गुलाबरावांनाही वाईट वाटलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण ते काय बोलले? ते म्हणाले, "पाणी तं पास होतं. तूच लाडानं जास्त खायला घालतेस. पोट फुटलं असंल तिचं."

मालनबाई वाटी घेऊन उठल्या. त्यांनी गॅलरीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत पांढरीला पुरलं. त्या दिवसापासून त्या लालीला चिमूटभरही भीत भीत टाकू लागल्या. आपल्या हातानं एक जीव गेला असं त्यांनी धरून घेतलं आणि टाकीपुढे बसून गप्पा मारणं बंद केलं. एका निर्दोष बाईवर ठपका आला, आणि त्या ठपक्याला साक्षीदार म्हणून मला उभं केलं गेलं. हे मी अजून विसरलेले नाही.

त्या दुपारी शुगरची मशीन पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "माझं पण असंच आहे," ती म्हणाली.

आणि खरंच तसंच होतं. दर महिन्याला डॉक्टरांकडे जायच्या आधी गुलाबराव चार दिवस जलेबीचं नाव काढत नसत. कारल्याचा रस पीत, सकाळ संध्याकाळ फिरून येत. मग मशीन उतरवायची, बोटाला टोचायचं आणि आकडा पाहून "पास!" म्हणायचं. तो आकडा डॉक्टरांना अभिमानानं सांगायचा. आणि घरी येताना पास झाल्याच्या आनंदात खोव्याची जलेबी बांधून आणायची! पुढचे तीन आठवडे मशीन फळीवर धूळ खात पडून राही. महिन्याभरात तिला फक्त आवरलेला दिवस दाखवला जाई.

डॉक्टर एकदा म्हणाले होते म्हणे, की तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ततपासणी करून घ्या. तिथे चार दिवसांचं कारलं चालत नाही. गुलाबराव म्हणाले, घरची टेस्ट पास आहे, काहून पैसे घालवायचे.

मालनबाईंना भीती होती, आणि ती उगीच नव्हती. त्यांचे भासरे, म्हणजे गुलाबरावांचे थोरले भाऊ, नागपूरला साखरेनंच गेले. आधी टाचेला एक जखम झाली. मग पाऊल काढलं. मग माणूसच राहिला नाही. तेही शेवटपर्यंत "माझं नॉर्मल आहे" म्हणत होते. आता गुलाबरावांच्या टाचेला एक भेग पडली होती आणि ती काही केल्या भरत नव्हती. ते दिवसभर मोजे घालून वावरत. मोजे धुवायला मालनबाईंच्याच हाती यायचे. टाचेकडचा कडक झालेला डाग त्या पाहत आणि तोंडातून शब्द काढत नसत, कारण काढला की उत्तर ठरलेलं होतं.

तरी एकदा लालीसाठी त्यांनी तोंड उघडलं. तोही बुधवारच होता. "एकडाव आज टेस्ट करून पाहा न जी," त्या म्हणाल्या.

"आज कुठं टेस्टचा दिवस आहे?" गुलाबराव वैतागले. पण बायको समोरून हलेना, तेव्हा त्यांनी कागदी पट्ट्यांची डबी काढली. पट्टी बुडवली, बाहेर काढली. सगळे चौकोन छान आले. "हे घे. आता तं झालं समाधान?"

पट्टी बिचारी काय करणार? अमोनियाबद्दल तिला कोणी डोळेच दिले नव्हते. जे मोजलंच नाही ते नाहीच आहे असं ठरवून माणूस मोकळा झाला आणि पेपर वाचायला बसला. मी हातभर अंतरावर होते. मला कोणी हात लावला नाही, कारण माझ्यासाठी पाच मिनिटं थांबावं लागतं.

मग तो शनिवार आला. टाकी धुऊन झाली होती. गुलाबराव पाय पसरून फोनवर कारखान्यातल्या जुन्या मित्राशी बोलत होते. मालनबाई खाली बसून मेथी निवडत होत्या.

"याद है विष्णू भाई," ते खो खो हसत सांगत होते, "वो बड़े साहब आए थे जब? सारा खराब माल हमने नीचे दबा दिया था, ऊपर एक नंबर का सजा के रखा. साहब ने ऊपर से चार पीस उठाए और पास! उनको क्या मालूम नीचे क्या है."

मेथी निवडणारे हात थांबले. मालनबाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं. मग नुकत्या भरलेल्या, चकचकीत टाकीकडे पाहिलं. मग मान वर करून आमच्या फळीकडे पाहिलं, माझ्याकडे आणि मशीनकडे.  त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली.  रविवारी टेस्ट झाली, पास झाली, तेव्हा मात्र त्या नेहमीसारख्या मान हलवून आत गेल्या.

आणि मग बुधवार उगवला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस. गुलाबराव चौकात गेले होते. मोना शाळेतून येऊन जेवत होती. लाली पाण्याच्या वर येऊन धापा टाकत होती आणि तिच्या शेपटीवर तशीच बारीक लाल रेघ उठली होती. मालनबाईंनी स्टूल ओढलं, त्यावर चढल्या आणि मला खाली घेतलं. रविवार सोडून पहिल्यांदाच कोणीतरी माझं झाकण उघडत होतं.

"मम्मी, आज? पापाजी नाराज होंगे," मोना म्हणाली.

"होऊ दे. तू थेंब मोज. मले चष्म्यातून दिसत नाही."

मोनानं ताट सरकवून हात धुतले. तिला मराठी सगळी समजायची, बोलताना हिंदीकडे घसरायची, पण हात स्थिर होते. तिनं नळी रेघेपर्यंत भरली आणि थेंब टाकले. मालनबाईंनी नळी हलवली आणि टेबलावर उभी करून समोर बसल्या. नेमक्या त्याच वेळी दाराशी चपला वाजल्या. गुलाबराव आत आले. हातात जलेबीचा कागद होता.

"हे काहून काढलं आज? आज काय रविवार आहे?"

"नाही. बुधवार आहे," मालनबाई म्हणाल्या.

"अवं, पण पाणी घाण असंल न आज! थांब, आधी मी बदलतो. साफ करू दे, मग कर तुले करायची ती टेस्ट."

"घाण असंल म्हणूनच तं करून राहिले मी!" मालनबाईंचा आवाज असा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "साफ केल्यावर काय विचारायचं पाण्याले? साहेब येऊन राहिले का आपल्या घरी?"

 पाच मिनिटं व्हायची वाट कोणाला पाहावीच लागली नाही. मी हिरवी होऊ लागले होते. किती दिवसांचं साठलेलं होतं माझ्याजवळ! नळी हिरवी झाली, आणखी हिरवी झाली, आणि मोनानं ती तक्त्यावर धरली तेव्हा शेवटच्या चौकोनाशी जाऊन मिळाली.

"मम्मी, ये तो लास्टवाला है," मोना हळूच म्हणाली. "डेंजर लिहिलं आहे."

आणि मित्रांनो, तेव्हा ते काय बोलले असतील? आतापर्यंत ज्यांनी माझी शपथ खाल्ली, पाहुण्यांपुढे मला मिरवलं, माझ्या जिवावर बायकोला गप्प केलं, ते गुलाबराव म्हणाले, "किट खराब झाली असंल. जुनी झाली ती."

पिवळी असताना मी खरी आणि हिरवी झाले की खराब! मला वाचा असती तर चेरीतालच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असतं.

पण माझ्या वतीनं बोलायला त्या दिवशी कोणीतरी होतं. मालनबाई उठल्या, दुसरी नळी घेतली, स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी भरून आणलं आणि मोनापुढे धरलं. "याच्यात टाक तेच थेंब." पुन्हा पाच मिनिटं. ही पाच मिनिटं मात्र तिघंही टेबलापाशी थांबली. नळी पिवळी राहिली. मालनबाईंनी दोन्ही नळ्या नवऱ्यासमोर शेजारी शेजारी उभ्या केल्या.

"किट खराब राहिली असती तं हे बी हिरवं झालं असतं," त्या म्हणाल्या. "माझ्या खाऊ घालण्यानं नाही मेली पांढरी. ते या पाण्यानं मेली. मी तुमाले सांगून राहिली होती, आन तुम्ही मले रविवार दाखवून राहिले होते."

गुलाबराव खाली बसले. जलेबीचा कागद त्यांच्या मांडीवर होता. मोनानं दुकानात फोन लावला. दुकानदारानं सांगितलं, अर्धंच पाणी बदला, नळाचं पाणी त्यातलं क्लोरीन घालवणारे थेंब टाकून मगच घाला, आणि स्पंजला नळ दाखवू नका, टाकीच्याच काढलेल्या पाण्यात हलका बुचकळा. गुलाबरावांनी मान खाली घालून बादली आणली आणि अगदी तसंच केलं. संध्याकाळ होईतो लाली वरून खाली आली. मालनबाईंनी काचेवर बोट ठेवलं. ती लगेच नाही, पण आली.

माझी गोष्ट इथे संपली असती तरी मी समाधानी झाले असते. पण मालनबाईंनी हात पुसले, पुन्हा फळीकडे हात नेला आणि शुगरची मशीन खाली घेतली. तिच्यावरची धूळ पदरानं पुसली. गुलाबरावांच्या समोर खुर्ची ओढून बसल्या.

"आता बोट द्या."

"आज?" गुलाबराव दचकले. "आज नको वो. सकाळी चौकात दोन जलेब्या झाल्या. कालपण लग्नाचं जेवण होतं. आज आकडा चांगला नाही येणार. रविवारी करू न. चार दिवस कारलं पितो, मग..."

ते बोलता बोलता थांबले. समोर टेबलावर दोन नळ्या अजून उभ्या होत्या, एक पिवळी, एक हिरवी.

"भासरे बी हेच म्हणत," मालनबाई म्हणाल्या. आता आवाजात राग नव्हता. डोळे भरून आले होते. "तुमचे मोजे मीच धुते जी. मले सगळं माहीत आहे. मले तुमच्याकडून पास नको. मले तुम्ही पाहिजे."

मोना खिडकीबाहेर बघू लागली. गुलाबरावांनी मान वळवली आणि हात पुढे केला.  मशीन म्हणाली, "एवढ्या वर्षांत मला खरा दिवस आज दाखवला." आकडा काय आला ते मी सांगणार नाही. ती तिची गोष्ट आहे, तिनंच सांगावी. एवढं मात्र खरं, की दुसऱ्या दिवशी सकाळी ते मालनबाईंबरोबर ऑटोत बसून डॉक्टरांकडे गेले. त्या दिवशी त्यांच्या पायात मोजे नव्हते, टाच उघडी होती आणि कोणाला काही लपवायचं नव्हतं.

मित्रांनो, तुमच्या घरी माझी कोणी बहीण असेल. टाकीचं पाणी तपासणारी, ताप मोजणारी, रक्त मोजणारी किंवा तुमच्या अभ्यासाची परीक्षा घेणारी. तिला फळीवर शोभेला ठेवू नका. तिला आवरलेलं घर दाखवून शाबासकी उकळू नका. तिची शाबासकी दुसऱ्या कोणाचं तोंड बंद करायला तर मुळीच वापरू नका. ज्या दिवशी तिला विचारायची भीती वाटते, त्याच दिवशी विचारा.

माझ्या बाटल्यांच्या तळाशी आता थोडेच थेंब उरले आहेत. रविवारी मला फळीवर निवांत बसू द्या. मला बुधवारी विचारा.